आधी इरम्मा बोलली, मग खैरून

जळकोटहून आत जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरच्या त्या गावात तिला सगळे इरम्मा म्हणत. खरं नाव इर्मा. पण कर्नाटकाची हद्द जवळ, इरम्मा नावाच्या बाया गावात आधीपासून होत्याच, त्यामुळं लोकांना नवं नाव शिकावं लागलं नाही. तिचा थोरला भाऊ ऑस्कर. त्याचं वसकर झालं. वसकर डॉक्टर आणि त्यांची बहीण इरम्मा. माणसं पार युरोपातली, ज्यू, पण नावावरून जवळपासच्या एखाद्या गावची वाटायची.

वसकर डॉक्टर महायुद्ध पेटायच्या आधीच तिकडून निसटले होते. हैदराबादला आले, निजामाच्या चाकरीत लागले, नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात काही वर्षं काढली. युद्ध संपल्यावर बहिणीला त्यांनी बोलावून घेतलं. ती आली तेव्हा तिचं वजन पोरीएवढं होतं, असं ते सांगत. बाकी काही सांगत नसत. संस्थान विलीन झाल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि या गावात दवाखाना घातला. पुढं ते हृदयविकारानं गेले. इरम्मा शिकलेली नर्स होती. आता ती परत जाणार असं लोक धरून चालले होते. ती गेली नाही. दवाखान्याची पाटी तशीच राहिली आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या बाळंतिणी तिच्याकडं येत राहिल्या.

तिच्या एका सवयीची बायांना गंमत वाटे. तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कायम भाकरीचा तुकडा असायचा. वाळलेला, कडक. खात नसे, टाकतही नसे. नवा तुकडा ठेवला की जुना कोंबड्यांना.

तिच्या हाताखाली खैरूनबी होती. पाणी तापवायचं, कपडे उकळायचे, बाळंतिणीचं अंग रगडायचं ही कामं तिची. इमामसाब पिंजाऱ्याची ती बायको. पिंजारगल्लीत तिच्या घराच्या भिंती उभ्या होत्या, वर छप्पर नव्हतं. ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायची. इरम्मानं मराठी तिच्याकडूनच उचलली, म्हणून त्या गोऱ्या बाईच्या तोंडून 'हौ' आणि 'लई' ऐकून नवा माणूस चमकायचा. दोघी एका चुलीवर जेवायच्या. पण मागचं एकमेकींना विचारायच्या नाहीत. खैरूनचा नवरा आणि पोरं अठ्ठेचाळीस साली, निजामाचं राज्य मोडायला फौज आली तेव्हा, 'पोलीस ॲक्शनमध्ये गेली' एवढं इरम्माला ठाऊक होतं. गावात ते तसंच म्हणत, जसं पटकीच्या साथीत गेली म्हणावं. मळ्याच्या विहिरीकडची वाट टाकून खैरून लांबून वळसा घेऊन नदीला जाते, हेही तिला दिसत होतं. आणि इरम्माला बाईचं किंचाळणं सोसतं, पण लांबून मालगाडीची शिट्टी आलेली सोसत नाही, हे खैरूननं सोलापूरच्या एका फेरीत बघून ठेवलं होतं.

एकोणीसशे एकसष्टचं साल होतं. तिकडं जेरुसलेममध्ये एका जर्मन अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला होता. ज्यू लोकांना गाड्या भरभरून मरायला धाडणारा माणूस तो. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर त्याच्या बातम्या लागायच्या. शाळेचे हेडमास्तर गोपाळकृष्ण उपाध्ये, तुळजापूरचे, बदलून येऊन त्यांना दोनच वर्षं झाली होती. ते बातम्या ऐकून पारावरच्या मंडळींना समजावून सांगायचे. एक दिवस ते दवाखान्यात आले.

"बाई, तुम्ही त्यातून आलात असं मी ऐकलं. शाळेत येऊन बोलाल का?"

"न्हाय गुरुजी," इरम्मा म्हणाली. "मला ते बोलता येत न्हाय."

गुरुजींनी आग्रह केला नाही. पण जाताना राहवेना म्हणून बोलून गेले, "काल पारावर एकजण म्हणाला, साठ लाख माणसं कशी मारता येतील, माणसं काय जोंधळा आहेत? हे सगळं इंग्रजांनी उठवलेलं असणार. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला उत्तर देता आलं नाही."

इरम्मा हातातली कात्री पुसत होती. तिनं ती ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाली, "शनिवारी सकाळची शाळा ना? सुटल्यावर येते. मोठ्या माणसांना बोलवा. लेकरांना घरी जाऊ द्या."

शनिवारी शाळेच्या ओसरीवर गाव जमलं. पुढं सतरंजीवर आण्णासाहेब बसले होते. गावात सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि त्यांच्या शब्दावाचून गावात काही हलत नसे. बाया एका अंगाला, भिंतीशी. शेतकरी दगडोबाची बायको विठाबाई तिथं होती. खैरून पाण्याची घागर घेऊन दाराजवळ टेकली होती. गुरुजींनी इरम्माला खुर्ची दिली, पण ती उभी राहिली.

"मला मोठी मराठी येत न्हाय," ती म्हणाली. "खैरूननं शिकवली तेवढी येते. मी ब्रनो गावची. सोलापूरसारखं गाव, गिरण्या लई. माझा नवरा पावेल गिरणीत कापडावरची नक्षी काढायचा. आम्हाला एक मुलगी होती. हांका. तिला शाळेत घालायला नेली तर मास्तर म्हणाले, ज्यूंच्या मुलांना शाळा बंद. मास्तर वाईट माणूस नव्हता. त्याला वाईट वाटलं. पण त्यानं दार लावलं."

ती सावकाश बोलत होती, शब्द शोधत.

"मग बाग बंद झाली. मग ट्राम. रेडिओ जमा करा, शिवणयंत्र जमा करा. मग कुत्रा जमा करायचा हुकूम आला. हांका कुत्र्यासाठी लई रडली. दर वेळी आम्ही म्हणायचो, झालं, आता याच्यापुढं काय करतील? मग आम्हाला एका किल्ल्यात नेलं. नळदुर्गसारखा किल्ला, आत गाव. माणसं लई, जागा थोडी. पावेलला तिथून आधी नेलं. तो पुन्हा दिसला न्हाय. मग आम्हाला गाडीत घातलं. जनावरांची मालगाडी. मी, माझी आई आणि हांका. उतरलो त्या जागेचं नाव ऑशवित्झ. तिथं एक अधिकारी उभा होता, हातात मोजे. तो नुसतं बोट हलवायचा. कुणी इकडं, कुणी तिकडं. आई तिकडं. हांका तिकडं. मी इकडं. हांकानं माझा पदर... पदर न्हाय, कोट... धरून ठेवला होता. आईनं तिची बोटं सोडवली. म्हणाली, तू जा, मी हिला बघते."

इरम्माचा हात कोटाच्या खिशात गेला.

"मी तिथल्या जुन्या बाईला विचारलं, माझी मुलगी कधी भेटेल? तिनं धुराड्याकडं हात केला. मला वाटलं, ती म्हणते, कारखान्यात कामाला असेल."

विठाबाईनं तोंडाला पदर लावला. इरम्मानं पाणी मागितलं. खैरूननं तांब्या भरून दिला. ती प्यायली आणि पुढं बोलली.

"लढाई संपली. मी चालत, गाडीतून, कशीबशी घरी गेले. दार शेजारणीनं उघडलं. आमचं दार. तिच्या अंगावर माझ्या आईचा एप्रन होता, निळ्या फुलांचा. ती म्हणाली, अगं, तू आलीस? आम्हाला वाटलं तुमच्यातलं कुणी येणार न्हाय. मी विचारलं, आम्हाला कुठं नेलं ते तुम्हाला माहीत होतं? ती म्हणाली, आम्हाला काय माहीत, आम्ही साधी माणसं. तिनं मला चहा दिला. आमच्याच कपातून. मी प्याले आणि निघाले. एवढंच. साठ लाख माणसं मी मोजली न्हाईत गुरुजी. मी माझी मोजली."

ती खाली बसली. बाया मुसमुसत होत्या. आण्णासाहेब उठले. त्यांचेही डोळे भरले होते, त्यात खोटं काही नव्हतं.

"डॉक्टरीणबाई," ते म्हणाले, "तुमी लई सोसलं. ती माणसं न्हवंत, हैवान. आपल्या मुलखात भवानीच्या किरपेनं असलं कधी घडलं न्हाय. तुमी हितं आलात, आता आमचंच माणूस समजा."

"आण्णासाहेब, असं नका म्हणू."

आवाज दाराकडून आला होता. खैरून उभी राहिली होती. तिनं आवाज चढवला नव्हता. चूल पेटवायची का, असं विचारताना बोलायची तसंच ती बोलली.

"घडलं की. हितंच घडलं. तुमच्या समद्यांच्या गाद्या माझ्या मालकानं पिंजल्या. तुमच्या लेकीच्या लग्नातल्या रजया त्यानंच क्येल्या. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचे रझाकार पळाले, आन् मग आपलीच वळखीची माणसं आली. बाहेरची थोडी, गावची जास्त. मालकाला न् माझ्या थोरल्या दस्तगीरला मळ्याच्या हिरीकडं न्येलं. दस्तगीरला मिसरूड फुटत व्हतं. मी मागनं पळाले. मला बाभळीला बांधलं. हिरीत टाकताना मी बघितलं. वरनं दगड टाकले ते बी बघितलं."

"खैरून, खाली बस," कुणीतरी म्हणालं.

"तेरा वर्सं बसलेच हाय."

आण्णासाहेबांचा चेहरा लाल झाला होता. "आन् रझाकारांनी माझ्या भावाला घरात कोंडून जाळलं, त्ये इसरलीस?"

"न्हाय इसरले. त्या दिशी माझ्या घरात बी चूल पेटली न्हाय. तुमच्या भावाला जाळणारे नळदुर्गाकडनं घोड्यावर आले व्हते, माझा मालक कमान घेऊन कापूस पिंजत बसला व्हता. तुमी त्याला हात लावला न्हाय, त्ये मी जाणते. पर पयलं तो तुमच्या दाराशी आला व्हता. दार वाजवत व्हता. तुमी आतनं कडी घातली."

खैरून बायांकडं वळली.

"माझा धाकटा मेहबूब. हिरीकडं तो न्हवता. गडबडीत बाजरीत पळाला. नऊ वर्सांचा. माझे समदे लोक सोलापूरला ग्येले, मला बी बोलवत व्हते. मी हितं ऱ्हायले त्येच्यापायी. पोरगं परत आलं आन् आई न्हाय सापडली तर? कुणी बघितलं आसंल त्येला, तर सांगा. मला दुसरं काय नगं."

आण्णासाहेब निघून गेले, त्यांच्यामागं त्यांची माणसं. मग दुसरे. बाया खाली बघत उठल्या. सतरंजीवर गुरुजी एकटे उरले. त्यांनी खैरूनपुढं हात जोडले.

त्या दिवसापासून दवाखाना ओस पडला. दिवस भरलेल्या बायांना लोक जळकोटला, नळदुर्गला नेऊ लागले. किराणावाला खैरूनला मीठ देताना नजर चुकवायचा. एका दुपारी आण्णासाहेब स्वतः आले. बाहेरच्या बाकावर बसले.

"बाई, तुमच्याबद्दल आमच्या मनात काय न्हाय. पर गावच्या जखमा उकरून काय मिळणार? दोन्हीकडचं झालं, संपलं. खैरूनला चार दिस सोलापूरला धाडा. लोक इसरतील."

"तिला काय पाहिजे ते तिनं सांगितलं," इरम्मा म्हणाली. "मुलगा कुठं गेला. ते कुणाला माहीत असेल, तर त्यानं सांगावं. मग ती जाईल की राहील, ती ठरवेल."

"आन् कुणालाच ठाऊक नसंल तर?"

"माझी शेजारीण तसंच म्हणाली होती."

आण्णासाहेब उठले. जाताना पायरीशी थांबून, पाठमोरेच, हळू म्हणाले, "दार वाजवल्यालं मला अजून ऐकू येतं." आणि गेले.

विठाबाई आली ती त्यानंतरच्या सोमवारी, भर उन्हात, रस्त्यावर माणूस नसताना. डोक्यावर शेण्यांची पाटी होती. तिनं ती खाली ठेवली नाही. आत येऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"खैरून, मेहबूब आमच्या कोठ्यात व्हता."

खैरून कपडे पिळत होती. तिच्या हातातला पिळा तसाच राहिला.

"रानातनं रांगत आला. मानंवर, खांद्यावर कोयत्याचा वार बसल्याला. म्या त्येला कडब्याच्या गंजीमागं ठिवला. हळद भरली. हे म्हनले, कळलं तर आपल्याला बी जित्तं ठिवणार न्हाईत. तवा माणसं घरोघर हुडकत हिंडत व्हती. तुला सांगावं तर तू कुठं हाईस त्ये ठाव न्हवतं. त्येला ताप भरला. तिसऱ्या दिशी पाटंला..." पाटी तिच्या डोक्यावर हलायला लागली. इरम्मानं पुढं होऊन ती उतरवून घेतली.

"त्यो पाणी प्याला?" खैरूननं विचारलं.

"व्हय. म्या चमच्यानं पाजलं. दूध बी पाजलं थोडं."

"माझं नाव घेतलं?"

"अम्मा, अम्मा करत व्हता. म्या म्हनलं, येतीया तुजी अम्मा. मग गप पडला." विठाबाई आता रडत होती. "बांधावरच्या लिंबाखाली पुरला. तुमची रीत आमास्नी ठाव न्हाय. नवं धोतर गुंडाळलं. म्होरं समदं निवळल्यावर सांगायचं व्हतं. हे म्हनले, लोक म्हणतील तुमीच मारला. आज सांगू, उद्या सांगू, करता करता..."

"विठा," खैरून म्हणाली, "तू रोज माझ्या म्होरनं पाण्याला जायचीस."

"व्हय."

"ईदला मी दरवाज्यात बसायचे. तू इचारायचीस, कुणाची वाट बघतीस."

विठाबाई खाली बसली आणि तिनं कपाळ जमिनीला लावलं. खैरूननं तिला उठवलंही नाही, शिवीही दिली नाही. तिनं हातातला कपडा पिळून पूर्ण केला, झटकून दोरीवर टाकला, आणि म्हणाली, "चल. दाखव."

तिघी रानात गेल्या. दगडोबा औत सोडून बांधावर आला. बायकोच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं कळलं. त्यानं पटका काढून हातात घेतला आणि लिंबापासून दूर उभा राहिला. लिंबाखाली जमीन सपाट होती, दगड नाही, खूण नाही. नांगर तेवढा तिथून दर वर्षी वळवून नेलेला दिसत होता.

खैरून बसली. तिनं मातीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच ठेवला. मग ओंजळ करून फातिहा म्हणाली. तिचा आवाज मध्ये एकदाच फुटला. त्या वेळी ती मेहबूबला ओरडली, लहान पोराला ओरडावं तशी: "हितं होतास रे! एवढ्या जवळ! हाक मारायची न्हाय?"

इरम्मा मागं उभी होती. तिच्या धर्मातली मेलेल्यांसाठीची प्रार्थना तिच्या बापानं म्हटलेली तिनं लहानपणी ऐकली होती. तिनं ओठ हलवून बघितले. सुरुवातीचे चार शब्द आठवले, पुढचे आठवेनात. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि तिथंच अडायची. शेवटी ती बसली आणि खैरूनच्या हाताशेजारी तिनं आपला हात मातीवर ठेवला. हांकासाठी कुठल्या मातीवर हात ठेवायचा, ते तिला कुणी सांगू शकत नव्हतं.

"बाई," खैरून तिच्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्या पोरीचं बी हितंच म्हणा."

इरम्मा त्या दिवशी रडली. भाऊ गेला तेव्हाही गावानं तिला रडताना बघितलं नव्हतं. दगडोबा आणि विठाबाई बांधावर बसून राहिले, ऊन उतरेपर्यंत. कुणी कुणाला जा म्हणालं नाही.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे. पोलिसांत कुणी गेलं नाही. इतक्या वर्षांनी कुणाचं नाव घ्यायचं, आणि ऐकणार कोण? गुरुजींनी सोलापूरहून एक दगड आणवला आणि लिंबाखाली बसवला. आण्णासाहेबांच्या घरून त्या दिवशी कुणी आलं नाही, पण कुणी अडवलंही नाही. मळ्याच्या विहिरीचं कुणी नाव काढलं नाही. दिवस भरलेल्या बाया हळूहळू परत दवाखान्यात येऊ लागल्या, कारण पोट दुखायला लागलं की नळदुर्ग लांब पडतं.

आणि खैरूननं सोलापूरला बहिणीकडं जायचं ठरवलं. इरम्माला ते कळायला वेळ लागला. तिला वाटलं होतं, आता सगळं बोलून झालंय, तर आता कुठं दोघी एका घरात खऱ्या अर्थानं राहतील.

"तुला इथं कुणी काही म्हणालं का?" तिनं विचारलं.

"न्हाय बाई. पर मी वाट बघायला ऱ्हायले व्हते. आता कुणाची बघू?"

जळकोटच्या थांब्यावर इरम्मा तिला सोडायला आली. खैरूनकडं एक गाठोडं होतं. एसटी लांबून धुरळा उडवत येताना दिसली.

"तुमी बी चला," खैरून म्हणाली. "सोलापूरला दवाखाने लई हाईत. बहिणीच्या घरात जागा हाय."

"शांताचे दिवस भरलेत. कमलबाईची सून आज-उद्या मोकळी होईल." इरम्मानं गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं. "कुणीतरी लिंबाखाली पण जायला पाहिजे."

खैरूननं तिचे दोन्ही हात धरले, आपल्या डोळ्यांना लावले आणि गाडीत चढली. कंडक्टरनं घंटी मारली. खिडकीतून तिनं काहीतरी सांगितलं, पण इंजिनाच्या आवाजात इरम्माला ते ऐकू आलं नाही. ती हौ, हौ म्हणाली.

घरी आली तेव्हा कमलबाईचा माणूस बैलगाडी घेऊन उभा होता. सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. इरम्मानं पिशवी भरली, कात्री उकळायचं पाणी तापवावं म्हणून चूल पेटवायला गेली, तर काड्यापेटी कुठं असते ते तिला माहीत नव्हतं. तिनं फडताळ बघितलं, कोनाडा बघितला. आणि मग, सवयीनं, मागच्या खोलीकडं तोंड करून तिनं हाक मारली. हाक मारल्यावर तिच्या लक्षात आलं. गाडीवाला बाहेरून म्हणाला, "बाई, निघायचं का?" ती म्हणाली, "आले," आणि पिशवी उचलून तशीच निघाली. पाणी तिथंच तापवता येईल.